जवळ्याची वाळवण

आहारशास्त्राच्या कोष्टकांत कोळंबीला अलीकडे मोठ्या मानाचे स्थान प्राप्त झाले आहे. १०० ग्रॅम ताज्या कोळंबीत उष्मांक ९० च्या आसपास, प्रथिने १९-२० ग्रॅम आणि चरबी जेमतेम १ ग्रॅम, हा हिशेब आता शहरातील सुशिक्षितांच्या चांगल्या परिचयाचा झाला असून, मधल्या वेळी तळणाचे जिन्नस खाण्याऐवजी वाटीभर वाफवलेली कोळंबी खावी, असा सल्ला डॉक्टरमंडळी देऊ लागली आहेत. सल्ला योग्यच आहे. तथापि ज्या लोकांनी हा हिशेब कधी कागदावर मांडला नाही, परंतु ज्यांची हाडे, ज्यांचे स्नायू आणि दर्यावर राबण्याची ज्यांची ताकद शतकानुशतके ह्याच अन्नावर पोसली गेली, त्यांच्या ह्या अन्नाचा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही. मोठ्या कोळंबीची कथा ही बंदरांची, बर्फाची आणि डॉलरची कथा आहे, आणि ती ओघाने पुढे येईलच. येथे प्राधान्याने सांगावयाचे आहे ते कोळंबीच्या गोतावळ्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त अशा जवळ्याविषयी, आणि तो उन्हात वाळवून त्याची सुकट करणाऱ्या, सातपाटी-वसईपासून रेवदंडा-मुरूडपर्यंतच्या स्त्रियांच्या व्यवसायाविषयी.

किनाऱ्यावरचा माणूस ह्या सगळ्या गोतावळ्याला एका नावाने कधीच हाक मारीत नाही. अंगाने भरदार ती कोळंबी, तिच्याहून बारीक ती करंदी, लांब सोंडेची आणि लालसर अंगाची ती अंबाड, आणि ज्याचा एकेक जीव बोटाच्या दोन पेरांहून क्वचितच मोठा असतो, तो जवळा. कोळंबी सोलून वाळवली म्हणजे तिचे सोडे होतात. जवळा आणि करंदी सोलण्याच्या भानगडीत न पडता सालासकट वाळवतात, ती सुकट. जवळ्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १८३० साली, आंरी मिल्न-एडवर्ड्स ह्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा, आणि त्या नावात ‘इंडिकस’ असे हिंदुस्थानचे विशेषण त्याने जोडून दिले. त्या वर्षी मुंबईच्या बेटांवर, मांडवी आणि माहीमच्या कोळीवाड्यांत, तो किती पिढ्यांपासून भाकरीबरोबर खाल्ला जात होता, ह्याची त्या विद्वानाला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

जवळा हा कोठल्याही समुद्रात, कोठल्याही जाळ्यात ढिगाने सापडेल असा प्राणी नाही, आणि त्याचा व्यवसाय उत्तर कोकणातच का भरभराटीला आला, ह्याचे कारण समुद्राच्या स्वभावातच शोधावे लागते. खंबायतच्या आखातापासून दक्षिणेकडे येऊ लागले की भरती-ओहोटीतले अंतर हळूहळू कमी होत जाते. मुंबईस उधाणाच्या दिवसांत हे अंतर चार ते पाच मीटर भरते, तर गोव्याजवळ ते दोन मीटरांच्या घरात येते. जेथे पाणी एवढे चढते आणि उतरते, तेथे त्याच्या ओढीला नदीच्या पुराचे बळ असते. आणि ह्या बळाचाच उपयोग करून घेणारे जाळे म्हणजे डोल. दक्षिण कोकणात आणि गोव्यात निवळ पाण्यातून किनाऱ्याकडे ओढावयाची रापण नांदली, तर उत्तरेच्या गढूळ, वेगवान पाण्यात डोल नांदली, हा केवळ चालीरीतींचा भेद नसून चंद्राच्या आकर्षणाने आणि किनाऱ्याच्या उताराने घालून दिलेला भेद आहे.

डोल म्हणजे चाळीस-पन्नास मीटर लांबीची निमुळती पिशवी. तिचे तोंड प्रशस्त, आणि मागे मागे जाळ्याचे डोळे बारीक होत होत शेवटी जो शेपटाकडचा भाग येतो, त्याला खोला म्हणतात. जवळा अडकतो तो ह्या खोल्यात. समुद्राच्या तळाशी चिखलात लाकडाचे जाडजूड खुंट ठोकावयाचे, त्यांना दोरखंडांनी डोल बांधावयाची, तोंड ओघाच्या दिशेला करावयाचे, आणि पाणी फिरण्याच्या सुमारास, ओढ मंदावली की, खोला वर घेऊन होडीत रिकामा करावयाचा. मासा शोधीत हिंडण्याचे हे काम नव्हे. योग्य जागी खुंट रोवून पाण्याची वाट पाहण्याचे आहे. साहजिकच सारे मोल त्या जागेला आले. कोणाचा खुंट कोठे, दोन खुंटांत अंतर किती, एका गावाची हद्द कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे गावकीच्या पंचांनी ठरवावे आणि बापामागे मुलाने ती वहिवाट चालवावी, असा रिवाज पडला. जमिनीवरच्या वतनांसाठी आपल्याकडे सनदा, महजर आणि निवाडे यांचे डोंगर रचले गेले; पाण्याखालच्या ह्या वतनांची कागदपत्रे नव्हती, साक्ष होती ती फक्त गावच्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणाची आणि शब्दाची, आणि तरीही ती पिढ्यान्पिढ्या पाळली गेली, ही मला आपल्या सामाजिक इतिहासातील अत्यंत आदरणीय गोष्ट वाटते.

होडी बंदरात लागली की पुरुषाचे काम बहुतेक संपते आणि बाईचे सुरू होते. पाट्या डोक्यावर घेऊन चिखलातून वर यावयाचे, माल खळ्यावर, म्हणजे वाळवणीच्या मोकळ्या जागेवर, आणावयाचा, आणि प्रथम निवडावयास बसावयाचे. कारण डोलीत एकटा जवळा कधीच येत नाही, त्याच्यासंगे बोंबील, मांदेली, करंदी, अंबाड, लहानसहान खेकडे आणि कचरा असे सर्व काही येते. बोंबील वलांडीवर टांगण्यासाठी निघून जातात, मांदेली वेगळी पडते, आणि उरलेला जवळा शेणाने सारवलेल्या जमिनीवर, जुन्या जाळ्यांवर किंवा चटयांवर पातळ पसरला जातो. पातळ पसरणे ही ह्या कामातील पहिली खुबी. थर जाड झाला की खालचा जवळा घुसमटतो, काळवंडतो आणि त्याला वास सुटतो; पातळ असला की चांगल्या उन्हावाऱ्यात एक-दोन दिवसांत तो खडखडीत वाळतो आणि त्याचा फिकट गुलाबी रंग टिकून राहतो. मधूनमधून खराट्याच्या हलक्या हाताने तो परतावा लागतो, संध्याकाळी दव पडण्याच्या आत गोळा करावा लागतो, आणि शेवटी सुपात घेऊन पाखडावा लागतो, म्हणजे रेती आणि मिशांचा भुगा खाली उरतो. पाखडताना सुपाला दिलेला एक विशिष्ट झोक, ज्याने वजनदार रेती मागे सरते आणि हलका जवळा पुढे येतो, तो आईकडून मुलीकडेच जातो. लिहून शिकवता येण्याजोगी ती विद्या नव्हे. चार-पाच शेर ओल्या मालाचा एक शेर सुका माल उरतो, म्हणजे उरलेले सर्व पाणी सूर्याला द्यावे लागते.

ह्या सर्व क्रियेत एक पदार्थ कोठेच येत नाही, आणि तो म्हणजे मीठ. जवळ्याच्या इतिहासाची किल्ली मला येथे सापडते असे वाटते. सुरमई, बांगडा, घोळ अशा मांसल मासळीला टिकवावयाचे तर मीठ हवेच. नुसत्या उन्हाने ती आतून वाळण्यापूर्वीच नासते. जवळ्याचे अंग इतके लहान आणि पातळ की त्याला मिठाची गरज पडत नाही. आता ज्या उत्तर कोकणात जवळा वाळत होता, तेथेच ठाणे, उरण आणि पेण ह्या बाजूंची मोठमोठी मिठागरेही होती, आणि त्या मिठावर सरकारचा डोळा होता. कंपनी सरकारने १८३७ साली मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे ८ आण्यांची जकात बसवली. पुढे १८४४ साली शहरांतील नाक्यांवरची वसुली आणि धंद्यांवरचा मोहतर्फा हे एका कायद्याने उठवून टाकले, ही रयतेला मोठी सवलत खरी. परंतु त्यापायी होणारी तूट भरून काढण्यासाठी त्याच वर्षी मिठाची जकात दुप्पट, म्हणजे १ रुपया करण्याचा हुकूम निघाला. सुरतेस दंगे झाले, आणि मग ती १२ आण्यांवर आणण्यात आली. तेथून हा आकडा एकंदरीत चढत गेला आणि १८८८ साली मणामागे अडीच रुपयांवर पोहोचला. धंद्यावरचा कर गेला आणि जेवणातल्या चिमटीभर मिठावर तो येऊन बसला. कोळ्याला ह्या फेरफारात लाभ झाला की हानी, हे त्याच्याजवळच्या मासळीच्या जातीवर अवलंबून राहिले.

फ्रान्सिस डे हा वैद्यकी पेशातला मनुष्य, हिंदुस्थानच्या मत्स्योद्योगाचा सरकारी तपासनीस म्हणून नेमला गेला, आणि १८७३ साली त्याने हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांच्या सागरी मासेमारीविषयी जो अहवाल सादर केला, त्यात मिठाच्या महागाईने मासळी खारवण्याचा धंदा कसा खचतो, आणि गरीब लोक मिठाऐवजी खारट माती वापरून अर्धीमुर्धी नासकी मासळी कशी खातात, ह्याकडे सरकारचे लक्ष त्याने वेधले. त्याच्या आणि त्याच्या मताच्या इतर अधिकाऱ्यांच्या खटपटीने पुढे मद्रास इलाख्यात, आणि मुंबई इलाख्यात रत्नागिरी व कारवारच्या किनाऱ्यावर, मासळी खारवण्याची सरकारी आवारे निघाली. आवाराला कुंपण असे, आत कारकून बसे, मीठ स्वस्त दराने मिळे. परंतु ते तेथल्या तेथेच, अधिकाऱ्याच्या नजरेखाली मासळीला लावावे लागे, पदराला बांधून घरी नेता येत नसे. जवळा वाळवणाऱ्या बाईला ह्या आवाराची पायरी चढण्याचे काही कारण पडले नाही. मिठाचा कर चढो वा उतरो, १९३० साली शिरोड्यास आणि वडाळ्यास मिठाच्या सत्याग्रहात लाठ्या खाल्ल्या जावोत, तिच्या मालाचा भाव त्या कराने वाढला नाही. कर चुकवण्यासाठी कोळ्यांनी बिनमिठाची वाळवण काढली असे मात्र कोणी समजू नये. ती कराच्या कितीतरी आधीची आहे. पण मिठाचा एक कणही न लागणारे, लाकूडफाटा न लागणारे, बर्फ न लागणारे आणि केवळ ऊन, वारा व बाईची मेहनत एवढ्यावर बारा महिने टिकणारे दुसरे पौष्टिक अन्न ह्या किनाऱ्यावर कितीसे होते? गरिबाच्या ताटात सुकट टिकून राहिली, ती ह्या कारणाने.

जुन्या ग्रंथांत ह्या अन्नाचा शोध घेऊ लागले की फारसे हाती लागत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे, त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाची आमिषे आणि गळाने मासे धरण्याची रीत यांचे वर्णन मोठ्या आस्थेने केलेले आहे. परंतु तो राजाचा विनोद आहे, रयतेचे पोट त्यात नाही. बखरींचे लक्ष वंशावळ्यांकडे आणि लढायांकडे. त्यांच्याकडून खळ्यावरच्या वाळवणीची अपेक्षा करणेच चूक. मग जो थोडाबहुत पुरावा मिळतो तो परक्यांच्या तक्रारींतून. १६७३ साली इंग्रज कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईस आला, आणि माडांच्या मुळांशी मासळीचे खत घालण्याच्या येथल्या रिवाजामुळे जमिनीवरून येणारा वारा जहाजापर्यंत दुर्गंधी घेऊन येतो, असे त्याने लिहून ठेवले. मुंबईच्या हवेत युरोपियन माणसे पटापट मरत, आणि त्याचे खापर ह्या खतावर फोडण्याची रीत पुढे बरीच वर्षे चालली. त्या तक्रारीतून आपल्याला उपयोगी अशी गोष्ट एवढीच निघते, की सतराव्या शतकात ह्या बेटांवर बारीक मासळी इतकी उतरत होती की खाऊन, वाळवून उरलेली माडांना घालता येत असे.

वाळलेली सुकट किनाऱ्यावर पडून राहत नसे. कोळणी टोपल्या घेऊन आगरी आणि कुणबी वाड्यांत जात, खाडीपलीकडच्या गावांत जात, आणि पैसा क्वचितच दृष्टीस पडणाऱ्या त्या काळात सुकटीच्या बदल्यात भात, नाचणी, वाल, मिरची घेऊन परतत. घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून ती देशावर चढे. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली, १८६३ साली बोरघाट चढून लोहमार्ग देशावर पोहोचला, आणि मग जो माल घाटमाथ्यावरच्या आठवडे बाजारांपर्यंत मोठ्या कष्टाने जात होता, तो पुण्याच्या आणि त्याही पलीकडच्या बाजारांत गोणपाटांतून सहज जाऊन पडू लागला. समुद्र जन्मात न पाहिलेल्या सोलापूरकडच्या वा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरी ज्वारीच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी आढळते, तिचा उगम ह्या मार्गांवर आहे. तव्यावर कोरडी भाजलेली सुकट, ठेचलेला लसूण, लाल तिखट, बारीक चिरलेला कांदा आणि असल्यास एखादे आमसूल, एवढ्या सामग्रीवर उभे राहणारे हे तोंडीलावणे रानात राबणाऱ्या माणसाला सोयीचे, कारण ते नासत नाही, सांडत नाही, आणि थोडक्यात भाकरी खपवते.

कोकणात ह्या सर्व व्यवहाराचा कळस म्हणजे आगोट. पावसाळ्यात दर्या बंद, होड्या शाकारलेल्या, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ताज्या मासळीचे नाव नाही, तेव्हा मृगाच्या आधी घराघरांतून चार महिन्यांची बेगमी होत असे आणि अद्यापही होते: लाकडे, तांदूळ, कुळीथ, कांद्यांच्या माळा, मीठ, आणि त्यांच्या बरोबरीने सुके बोंबील, बांगडे, सोडे व सुकट. वैशाखाच्या कडक उन्हात खळ्यांवर जी धांदल उडे, ती ह्या आगोटीसाठी. मुंबईत मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात आजही पावसाच्या तोंडावर हीच झुंबड दिसते, आणि लांबच्या उपनगरांतून बायका पिशव्या घेऊन तेथे येतात. भाव करताना त्या मूठभर जवळा उचलून कानाशी नेतात आणि बोटांनी चुरून त्याची कुरकुर ऐकतात. आवाज ओलसर आला की ढीग सोडून पुढे जातात.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी स्थापन केली, आणि पुढल्या अर्धशतकात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर ह्या भागांतून लाखो माणसे परळ-लालबागच्या चाळींत येऊन राहिली. पुरुष येथे आणि कुटुंब गावी, अशा त्या संसारात जेवणाची सोय खाणावळवाल्या बाईकडे. आणि खाणावळवाल्या बाईला दर महिन्याच्या ठरीव रकमेत पंधरा-वीस भुकेलेली पोटे भरावयाची म्हणजे सुकटीसारखा आधार नव्हता. तीच सुकट वांग्यात पडे, बटाट्यात पडे, कैरीच्या दिवसांत कैरीत पडे, आणि कशातच टाकावयाची नसेल तेव्हा भाजून नुसतीच वाढली जाई. मुंबईच्या कापड-धंद्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कापसाचे भाव आणि चात्यांची संख्या यांची बारकाईने नोंद केली आहे. त्या चात्या फिरवणाऱ्या हातांना प्रथिने कोठून मिळत होती, हा प्रश्न त्यांपैकी फार थोड्यांना पडला.

सोड्यांचे घराणे मात्र निराळे. मोठी कोळंबी सोलावयाची, तिच्या पाठीतला काळा दोरा काढावयाचा, आणि मग दोन-तीन दिवस जपून वाळवावयाची, ह्या मेहनतीमुळे आणि ओल्या मालाच्या किमतीमुळे सोडे प्रथमपासूनच सुस्थितांच्या घरचे. चौल-रेवदंडा, अलिबाग, मुरूड ह्या पट्ट्यातील चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबांनी सोड्यांची खिचडी, सोडे घातलेली वांगी, वालाच्या बिरड्यात सोडे असे पदार्थ ज्या निगुतीने सिद्ध केले, तिला तोड नाही. तसेच मुंबईच्या पाठारे प्रभूंचे. तिकडे गोव्यात खाजणांच्या बांधांवर जी मानस असते, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडण्याची जी झडपांची दारे असतात, तेथे रात्री ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर पडणारी सुंगटे (कोळंबी) जाळ्यात धरण्याचा हक्क गावकारीकडून (गावसंस्थेकडून) लिलावाने दिला जाई, आणि त्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी होई. शेती, मासळी आणि गावाचा खर्च यांची इतकी सुंदर सांगड अन्यत्र क्वचितच आढळेल. सुक्या बारीक सुंगटांना तेथे गालमो म्हणतात, आणि खोबरे, कांदा व आमसूल घालून केलेली त्यांची किसमूर ही आपल्या सुकटीच्या चटणीची सख्खी बहीण शोभते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिंदुस्थानातून परदेशी जाणारी कोळंबी ही मुख्यतः वाळवलेलीच असे. मलबार किनाऱ्यावरून सुक्या कोळंबीची गोणपाटे ब्रह्मदेशाकडे रवाना होत. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत ती बाजारपेठ आक्रसली, आणि नेमक्या त्याच सुमारास शीतगृहाचे यंत्र आले. १९५३ साली कोचीनहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेस गेली. त्याच काळात नॉर्वेच्या साहाय्याने कोल्लमजवळ नींदकरा येथे यांत्रिक नौकांचा प्रकल्प उभा राहिला, आणि त्या नौकांना तळाशी ओढावयाचे जाळे जोडले गेले, तेव्हा चिखलात दडलेल्या कोळंबीचे साठे उघडे पडले. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि निर्यातदारांना डॉलरमागे अधिक रुपये मिळू लागले. सरकारने १९७२ साली सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापले. अमेरिकेमागोमाग जपानही मोठा गिऱ्हाईक झाला. मुंबईत ससून डॉकला, जे १८७५ साली कापसाच्या आणि इतर मालाच्या जहाजांसाठी बांधले गेले होते, तेथे आता पहाटेपासून दिवस चढेपर्यंत कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगा बसू लागल्या. ह्या बायका आपल्या खळ्यावर आपला माल वाळवणाऱ्या नव्हत्या. त्या रोजावर, सोललेल्या मापावर मजुरी घेणाऱ्या होत्या. धंद्याची उलाढाल अनेक पटींनी वाढली ही वस्तुस्थिती आहे, आणि तिच्यामुळे अनेक घरांत पक्क्या भिंती आणि मुलांच्या शाळा आल्या, हेही मी नाकारीत नाही. परंतु मालाची मालकी आणि त्याचा भाव करण्याचा अधिकार बाईच्या हातून सुटला, तो ह्याच काळात.

तळाशी जाळे ओढणाऱ्या ह्या नौकांनी, म्हणजे ट्रॉलरनी, खुंटांच्या जुन्या हद्दी मानल्या नाहीत. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकार त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ साली झाला, आणि किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याचे तत्त्व त्याने मान्य केले. तत्त्व मान्य होणे आणि रात्रीच्या अंधारात ते पाळले जाणे ह्यांतले अंतर ज्यांच्या डोली फाटल्या, त्यांना विचारावे. त्यानंतर तळ्यांतील कोळंबी आली. २००९ नंतर व्हेनामी ही अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडची जात मुख्यतः आंध्र प्रदेशात वाढवली जाऊ लागली, आणि आज शहरातील दुकानांत बर्फात मांडलेली जी सोललेली कोळंबी कमी उष्मांकाचे खाणे म्हणून घेतली जाते, ती पुष्कळदा ह्या तळ्यांतून आलेली असते. तिच्या पौष्टिकतेविषयी तक्रार नाही.

पण पौष्टिकतेचाच विचार करावयाचा तर जवळ्याची बाजू अधिक बळकट आहे. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. ऐक्रॉइड यांनी १९३७ साली हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि पुढे हैदराबादेस गेलेल्या त्याच संस्थेने ती परंपरा चालवून आपल्या अन्नाची जी कोष्टके तयार केली, त्यांत वाळलेल्या बारीक कोळंबीचा रकाना वाचण्यासारखा आहे. १०० ग्रॅममध्ये प्रथिने ६० ग्रॅमहून अधिक, उष्मांक ३५० च्या घरात. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला येणारी १५ ग्रॅम सुकट धरली, तर ५० च्या आसपास उष्मांकांत एका अंड्याहून अधिक प्रथिने मिळतात. आणि जवळा सालासकट खाल्ला जात असल्यामुळे त्यातून चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, जो पुरवठा होतो तो सोललेल्या कोळंबीतून होणे शक्य नाही. ज्या मुलाबाळांना दूध कधी पुरेसे मिळाले नाही, त्यांच्या हाडांसाठी ह्याचे मोल केवढे असेल, ते निराळे सांगावयास नको. ज्यांना कवचाच्या प्राण्यांचे वावडे आहे त्यांनी तो टाळावा हे खरेच, आणि रेतीत वाळवलेला माल दोन-तीनदा धुऊन घ्यावा हेही खरे. धुऊन, निथळून, कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजला की तो पुन्हा कुरकुरीत होतो; त्यावर लिंबू आणि कांदा एवढेच पुरे, तेलाची आवश्यकताच नाही.

असे असूनही आज उतरणाऱ्या जवळ्याचा मोठा वाटा माणसाच्या ताटाकडे न येता कोंबड्यांच्या आणि तळ्यांतल्या माशांच्या खाद्याकडे वळतो. त्याचे एक कारण चांगल्या, स्वच्छ वाळवणीला जागा नाही, हे आहे. भुईवर घाईने वाळवलेला, रेतीने भरलेला माल खाद्याच्या कारखान्याला चालतो, घरच्या गिऱ्हाइकाला चालत नाही. उंच बांबूच्या मांडवांवर जाळी ताणून वाळवण केली तर रेती लागत नाही आणि भावही बरा मिळतो, हे कोळणींना ठाऊक आहे. परंतु मांडव घालावयाचा कोठे? वेसावे, मढ, वरळी, माहीम येथील खळी ही बहुधा कोणाच्याच नावावर नसलेली, गावाच्या सामाईक वहिवाटीतली जागा. पाण्याखालच्या खुंटांप्रमाणेच ह्या खळ्यांचाही पुरावा स्मरणात राहिला, दफ्तरात चढला नाही. आणि शहराच्या नकाशात जी जागा रिकामी दिसते, ती कोणाची तरी रोजीरोटीची जागा असू शकते, हे नकाशा काढणाऱ्याला उमगेपर्यंत तिच्यावर रस्ता वा इमारत उभी राहिलेली असते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांची मोजणी करून त्यांना स्वतंत्र दर्जा द्यावा असे म्हटले, आणि सीमांकनाचे काम तेव्हापासून कधी वेगाने तर कधी रेंगाळत चालू आहे. ह्या मोजणीत घरांबरोबर खळीही मोजली जावीत, आणि त्यांच्यापुढे वहिवाटदार म्हणून वाळवण करणाऱ्या स्त्रियांची नावे लागावीत, अशी मागणी कोळीवाड्यांतून होत असेल तर ती सर्वस्वी न्याय्य आहे. कारण आतापर्यंत जे काही कागद झाले ते होडीचे, इंजिनाचे आणि कर्जाचे, म्हणजे पुरुषांच्या नावाचे झाले, आणि सुकट ज्या जमिनीवर तयार होते त्या जमिनीचा उतारा अद्याप कोरा आहे.